छापील सही, तोब्रुक आणि ट्रंकेतलं कार्ड (युद्धकाळातल्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांनी मदत करावी)

सहीपडताळा | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, सदाशिव पेठेत राहतो. नोकरीतला मोठा काळ चेक पासिंगला गेला. एका हातात चेक, दुसऱ्या हातात नमुना सहीचं कार्ड, असं दिवसभर. त्यातूनच जुन्या सह्यांचा नाद लागला. आधी संस्थानिकांचे कागद, मग दुसऱ्या महायुद्धातली पत्रं. आज साठेक कागद आहेत.

त्यात हिटलरचा नौदलप्रमुख कार्ल डोनित्झच्या दोन सह्या आणि त्याचा शस्त्रास्त्रमंत्री अल्बर्ट श्पेअरची एक आहे. या दोघांच्या सह्या बाजारात बऱ्याच मिळतात. न्युरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात डोनित्झला दहा वर्षांची कैद झाली आणि श्पेअरला वीस. दोघेही शिक्षा भोगून बाहेर आले आणि पुढे मरेपर्यंत, म्हणजे १९८० आणि १९८१ पर्यंत, लोकांना फोटोंवर नि पुस्तकांवर सह्या देत राहिले. मला मात्र युद्धाच्या काळातलाच कागद हवा होता.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून १९४३ मधलं एका जर्मन अधिकाऱ्याचं पदोन्नतीपत्र घेतलं. खाली हिटलरची सही, सोबत सही अस्सल असल्याचं प्रमाणपत्र. दोन महिन्यांचं पेन्शन त्यात गेलं. घरी आल्यावर नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरलं. कागद चमकला नाही, म्हणजे बहुधा जुनाच. मग भिंग लावलं आणि पोटात गोळा आला. शाई सगळीकडे सारखी. रेघ जिथे रेघेला छेदते तिथे एकावर एक शाई चढल्याची खूण नाही. मागून बोट फिरवलं तर निबाचा दाब कुठेच लागत नाही. कागद खरा, शिक्का खरा आणि सही छापील. विक्रेता आता उत्तर देत नाही.

दुसरी गोष्ट सांगायला धागा काढलाय. दिवाळीच्या आवराआवरीत गावाकडच्या ट्रंकेत एक कार्ड सापडलं. माझे चुलत आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मराठा पलटणीत होते आणि इटलीत युद्धकैदी होते. १९४५ मध्ये परत आले, पण त्या दिवसांबद्दल कधी बोलले नाहीत. कार्डावर १२ मार्च १९४३ तारीख आहे, पी.जी. ९१ असं छापलंय, इटालियन शिक्के आहेत. मजकूर बाळबोधीत चार ओळी, 'मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी' इतकाच. पण तळाला दोन ओळी मोडीत आहेत आणि त्या मला वाचता येत नाहीत. प्रचि (प्रकाशचित्र) टाकलंय.

आत्ता टेबलावर दोन्ही कागद शेजारीशेजारी आहेत. छापील सहीचा कागद ठेवू की नको? आणि मोडी कुणी वाचेल का?

खडकीचीटपाल | शनिवार, रात्री १०.०२

काका, आधी कार्डाकडे बघू. सैनिकी टपाल हा माझा विषय, तीस वर्षं तेच गोळा करतोय.

पी.जी. म्हणजे प्रिजोनिएरी दि गुएर्रा, युद्धकैदी. ९१ क्रमांकाची छावणी अवेझानोला होती, रोमच्या पूर्वेला डोंगरात. तिथे हिंदी सैनिक ठेवले होते. कडेच्या शिक्क्यावर 'व्हेरिफिकातो पेर चेन्सुरा' असं असेल, म्हणजे सेन्सॉरने तपासलेलं. आपल्या बाजूच्या सेन्सॉरचाही शिक्का असायला हवा, मागच्या बाजूला बघा.

अण्णांची बटालियन दुसरी असेल, म्हणजे २/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, तर ते कसे पकडले गेले हेही सांगता येतं. ही बटालियन ११व्या हिंदी ब्रिगेडमध्ये होती आणि ती ब्रिगेड लिबियातल्या तोब्रुक बंदरात होती. २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडलं आणि हजारो माणसं एका दिवसात कैद झाली. दुसऱ्याच दिवशी, २२ जूनला, ते जिंकणाऱ्या जर्मन सेनापती रोमेलला फील्ड मार्शल केलं.

बाजारात रोमेलची सही असलेल्या फोटोकार्डांवर लोक तुटून पडतात. तुमच्याकडे त्याच तोब्रुकात कैद झालेल्या माणसाच्या हातचं अक्षर आहे. कृपा करून ते कार्ड प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालू नका आणि चुकूनही लॅमिनेट करू नका.

सहीपडताळा | शनिवार, रात्री १०.२०

मागे खरंच दुसरा शिक्का आहे, अष्टकोनी, पुसट. आणि हो, दुसरी बटालियनच. घरात बिल्ला आहे. तोब्रुकचं नाव मी अण्णांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही.

नवासंग्राहक | शनिवार, रात्री ११.१५

मी या क्षेत्रात नवीन आहे. एक सरळ प्रश्न विचारतो. हिटलर किंवा त्याचा एसएस-प्रमुख हिमलर यांची हातची सही खरी निघाली तर भाव चांगला येतो ना? गुंतवणूक म्हणून कसं?

कागदवाला | रविवार, सकाळी ७.३०

मी बुधवार-रविवार जुन्या बाजारात बसतो, रद्दीतून कागद निवडतो. भावाचं मी सांगतो.

कॅम्पातली, खडकीतली, वानवडीतली जुनी घरं रिकामी होतात तेव्हा पोत्यांनी कागद येतो. त्यात सैनिकांची पत्रं असतात. तिकिटवाले येतात, लिफाफा घेतात आणि आतलं पत्र माझ्यासमोर टाकून जातात. काही जण तिकीटच कापून नेतात, लिफाफाही नको असतो. सहीवाले येतात ते पानाचा तळ बघतात, वर काय लिहिलंय ते वाचत नाहीत. उरलेलं सगळं किलोवर जातं. आईला लिहिलेलं पत्र किलोवर जाताना मी शेकडो वेळा पाहिलंय. म्हणून आता जमेल तेवढी पत्रं बाजूला काढून ठेवतो. जागा नाही, तरी ठेवतो.

नवीन भाऊ, ज्या सहीला भाव जास्त तीच लोक जास्त बनवतात. एवढं लक्षात ठेवून मगच खिशात हात घाला.

खडकीचीटपाल | रविवार, सकाळी ९.०५

कागदवाल्यांना +१.

नवासंग्राहक, हिटलरच्या रोजनिशांचं प्रकरण माहीत असेलच. जर्मनीच्या श्टर्न साप्ताहिकाने साठेक वह्यांसाठी त्र्याण्णव लाख मार्क मोजले आणि १९८३ मध्ये त्या छापायला घेतल्या. सगळ्या वह्या कोनराड कुयाऊ नावाच्या माणसाने स्वतः लिहिलेल्या होत्या. जर्मन सरकारी अभिलेखागाराने कागद तपासला तेव्हा त्यात पांढरेपणा आणणारं जे रसायन निघालं ते १९५० च्या आधी वापरातच नव्हतं. काकांचा निळा दिवा शोधतो तीच गोष्ट.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. वह्या आधी हस्ताक्षरतज्ज्ञांना दाखवल्या होत्या आणि त्यांनी अक्षर जुळतं असं सांगितलं. कारण तुलनेसाठी हिटलरचं म्हणून जे अक्षर त्यांच्यापुढे ठेवलं, त्यातले काही कागद कुयाऊनेच बनवलेले होते!

सहीपडताळा | रविवार, सकाळी ९.४०

हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या भाषेत नमुना सहीचं कार्डच खोटं. मग समोरचा क्लार्क कितीही जागरूक असो, चेक पास होणारच.

माझ्या कागदाबद्दलही थोडं शोधलं. खालच्या हुद्द्यांच्या नेमणुका-पदोन्नत्यांचे कागद युद्धात इतके निघत की त्यांच्यावर सही छापूनच येत असे. त्या काळाच्या दृष्टीने तो कागद अधिकृतच आहे. माझी फसवणूक झाली ती प्रमाणपत्र लिहिणाऱ्याकडून.

स्नेहल_कोथरूड | रविवार, दुपारी १२.५०

सगळं वाचलं. काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारते, कारण मला हे मनापासून खटकतंय. सही खरी निघाली असती तर तुम्ही ती भिंतीवर लावणार होतात का? ज्या माणसाने लाखो लोकांना मारायला लावलं त्याच्या हाताची रेघ घरात का हवी? माझी एक सहकारी इस्रायलहून आलेली आहे. तिच्या आजीच्या घरातलं कुणीही वाचलं नाही. तिला तुमच्या घरी चहाला आणलं तर मी त्या भिंतीकडे कसं बघायचं?

सहीपडताळा | रविवार, दुपारी २.३०

स्नेहलताई, प्रश्न रास्त आहे. तासभर विचार करून लिहितोय.

भिंतीवर लावायचं मनात होतं. फ्रेमही करून आणली होती, लक्ष्मी रोडवरून. आज सकाळी फ्रेम उतरवली.

पण असे कागद नष्ट करावेत किंवा कुणी बाळगूच नयेत, असं मला वाटत नाही. एका कागदाबद्दल सांगतो. हिटलरच्या खाजगी लेटरहेडवर एकाच वाक्याचं पत्र आहे. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडचा वाटतो अशा रुग्णांना 'दयामरण' देण्याचा अधिकार काही डॉक्टरांना देता यावा, म्हणून दोन माणसांना नेमल्याचं त्यात लिहिलंय. पत्र लिहिलं ऑक्टोबर १९३९ मध्ये आणि तारीख घातली १ सप्टेंबर १९३९. पोलंडवर हल्ला केला तो दिवस. ऑगस्ट १९४१ पर्यंत नाझींच्याच हिशोबाने सत्तर हजारांहून जास्त रुग्ण विषारी वायूने मारले गेले. मनोरुग्ण, अपंग, अपस्माराचे रुग्ण. हे पत्र न्युरेंबर्गला पुरावा म्हणून पुढे आलं. कायदा नाही, सरकारी आदेश नाही, फक्त एक खाजगी कागद आणि खाली सही. ती सही नसती तर 'वरून आदेश नव्हता' असं म्हणायला किती जणांना वाव मिळाला असता.

कागद खरा, सही खरी आणि तारीख खोटी. चाळीस वर्षं मी कागदाचा तळच बघत आलो. या पत्रात वरचं वाक्य आणि ती तारीख वाचली नाही तर खालची सही काहीच सांगत नाही.

स्नेहल_कोथरूड | रविवार, दुपारी ३.१०

हे मला माहीत नव्हतं. असा कागद जपलाच पाहिजे, मान्य. पण तो अभिलेखागारात, जिथे येणारा तो वाचेल आणि शेजारी त्या रुग्णांबद्दलही लिहिलेलं असेल. २०११ मध्ये सायमन विझेनथाल सेंटर या ज्यू मानवाधिकार संस्थेने हिटलरचं १९१९ मधलं पत्र दीड लाख डॉलरला विकत घेतलं, ते लोकांसमोर ठेवण्यासाठी. ज्यूंना पूर्णपणे हटवायचं, हे तो सत्तेवर यायच्या चौदा वर्षं आधी लिहीत होता, हे त्यातून दिसतं. ती खरेदी मला पटते. दिवाणखान्यातली फ्रेम अजूनही पटत नाही.

सहीपडताळा | रविवार, दुपारी ३.२५

फ्रेम गेली, ताई. परत येणार नाही.

मोडीलेखनसीमा | रविवार, संध्याकाळी ६.४५

उशिरा येतोय, दिवसभर भारत इतिहास संशोधक मंडळात होतो. सहीवरून चर्चा चाललीय म्हणून आपल्याकडचं सांगतो.

आपल्या जुन्या पत्रात आजच्यासारखी खाली सही शोधू नये. मजकूर कारकुनाच्या हातचा, वर शिक्का, शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या अखेरीला 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा असते. मर्यादा म्हणजे मजकुराची सीमा. ती उमटली की पत्र संपलं, तिच्याखाली कुणी एक अक्षर वाढवू शकत नाही. कागदाचं खरेपण मजकुराला बांधलेलं असतं, ते या व्यवस्थेला पक्कं ठाऊक होतं.

आणि मजकूर मोकळा राहिला तर काय होतं तेही पुण्याला ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. 'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट आपण पोरवयापासून ऐकतो, 'धरावे'चं 'मारावे'. त्या गोष्टीतही आज्ञा देणारा खराच आहे, बदललं ते वरचं एक अक्षर. पुढे इंग्रजी अमलात इनामांचे हक्क तपासणारं इनाम कमिशन आलं तेव्हा वतनं शाबीत करायला लोकांनी सनदांचे ढीग आणले. त्यात बनावट सनदाही होत्या. त्या ओळखायला अक्षराचं वळण, कागद, शिक्का, मायना आणि कालगणनेची पद्धत हे सगळं एकत्र तपासावं लागतं. एकट्या शिक्क्यावर निकाल देता येत नाही.

काका, तुमचं प्रचि हललंय आणि वरून उजेड पडल्याने पेन्सिल चमकतेय. खिडकीजवळ सकाळच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद करून, दोन्ही बाजूंनी काढा. कार्डाला हात कमी लावा. बहुधा कॉपिंग पेन्सिल आहे. ओलं बोट लागलं तर जांभळं पसरेल.

नारायणपेठी_वकील | रविवार, रात्री ८.३०

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण इथे बरेच जण बाहेरच्या लिलावात माल पाठवायचा विचार करतात. १९७२ चा अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स कायदा शंभर वर्षं जुन्या वस्तूंना लागू होतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना ही मुदत पंचाहत्तर वर्षांची आहे. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले कागद आता या रेषेपलीकडे गेले. अशी वस्तू खाजगी माणसाने देशाबाहेर पाठवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आजोबांचं पत्र परदेशी लिलावात टाकण्याआधी दहादा विचार करा.

अवांतर: अभिलेखागारात आहे म्हणून कागद खरा, असंही धरू नका. लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये बारा फायलींतून एकोणतीस बनावट कागद निघाले, हिमलर आणि महायुद्धाच्या संदर्भातले. २००५ मध्ये पहिला संशय आला. लेटरहेड लेझर प्रिंटरचं होतं आणि शाईच्या सहीखाली पेन्सिलीची रेघ होती. आपल्याकडे लोक अभिलेखागारातून कागद चोरीला जाण्याची भीती बाळगतात. इथे कुणीतरी आत नेऊन ठेवले होते.

दप्तरदुरुस्ती | रविवार, रात्री ९.१५

मी कागदांच्या दुरुस्तीचं काम करते. काका, कार्डासाठी एवढंच करा: आम्लरहित जाड कागदाची घडी करून त्यात ठेवा, ती आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत. सेलोटेप, फेव्हिकॉल, स्टेपल काही नको. पेटी भिंतीला टेकवू नका, पुण्याच्या पावसाळ्यात पेठेतल्या जुन्या भिंती पाणी धरतात. लोखंडी ट्रंक तर नकोच, ती आतून घाम धरते. जुने लोक बासनात वेखंड ठेवत, कसर लागू नये म्हणून. पुरचुंडी करून पेटीत ठेवायला हरकत नाही, कागदाला चिकटू देऊ नका. प्रवासात न्यायचं झालं तर दोन आम्लरहित पुठ्ठ्यांमध्ये.

जर्मन कागदाची फ्रेम उतरवलीत ते कागदाच्याही भल्याचं झालं. उन्हाने शाई जाते.

नवासंग्राहक | रविवार, रात्री १०.५०

भावाबद्दल विचारलं ते आता बरोबर वाटत नाही. माझे आजोबा रेल्वेत होते, युद्धात बसऱ्याला पाठवले होते असं घरी सांगतात. आईकडे एक पिशवी आहे. उद्या बघतो.

कागदवाला | सोमवार, सकाळी ६.५०

बघा आणि इथे टाका. पिशवी रिकामी करताना लिफाफा आणि पत्र वेगळं करू नका.

सहीपडताळा | सोमवार, सकाळी ८.१५

मोडीवाले साहेब, तुम्ही सांगितलंत तशी चार नवी प्रचि टाकलीत. अण्णांच्या वडिलांना फक्त मोडी वाचता यायची, हे आज सौ.ने आठवण करून दिली. म्हणूनच शेवटच्या ओळी मोडीत असाव्यात.

जर्मन कागदाचं ठरवलं. त्याच्या पाठीमागे 'सही छापील, हाताची नव्हे' असं मऊ पेन्सिलीने लिहून ठेवतोय. माझ्या पश्चात तो पुन्हा कुणाच्या गळ्यात अस्सल म्हणून पडायला नको. ते प्रमाणपत्रही त्याच्याबरोबरच ठेवतो, वर शेरा मारून.

मोडीलेखनसीमा | सोमवार, रात्री ९.३०

लागलं. दोन अक्षरांसाठी एका ज्येष्ठांना विचारलं, त्यांनीही तेच वाचलं. जसंच्या तसं देतो:

'तांबडा विकूं नये. पाऊस वेळेवर जाहला तर वरचे पट्टीस नाचणी करावी. मी येईतों घराचे कौल सांभाळणें.'

तांबडा म्हणजे बैल असणार. 'येईतों' नंतर पेन्सिल थांबलेली दिसते, तिथे दाबाचा ठिपका आहे. मग पुढचे शब्द घाईत लिहिलेत.

सहीपडताळा | सोमवार, रात्री १०.०५

साहेब, काय लिहू.

माझी आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, पाटणला असते. ती तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. घरातली गुरं तिला नावानिशी आठवतात. उद्या स्वारगेटवरून पहिल्या एसटीने जातो. दप्तरदुरुस्ती ताई, आम्लरहित पुठ्ठा रात्रीतून मिळणार नाही, दोन साध्या पुठ्ठ्यांच्या आत स्वच्छ सुती कापड घातलं तर एका दिवसापुरतं चालेल का?

दप्तरदुरुस्ती | सोमवार, रात्री १०.१०

चालेल. कापड धुतलेलं, नीळ-खळ नसलेलं घ्या. आत्यांच्या हातात देताना खाली पुठ्ठा राहू द्या.